पाटावरून खुर्चीवर

जेवणाच्या पंक्तींत एकाच्या पानांत तूप वाढावें आणि शेजारच्यास वगळावें, यास आपले पूर्वज पंक्तिभेद म्हणत आणि तो मोठा दोष मानीत. हा शब्द मीं लहानपणीं पाठशाळेंत ऐकला, पुढें अनेक वर्षें मुलांस समजावून सांगितला, आणि तरीही साठी उलटल्यावर तोच दोष माझ्या स्वतःच्या घरांत दोन वर्षें चालला असतां मला दिसला नाहीं. तो दाखविला पांच वर्षांच्या एका मुलीनें. त्यानंतर आम्हीं आमच्या माजघराचा जो कायापालट केला आणि त्या खटाटोपांत सहा मोडक्या खुर्च्या मीं स्वहस्तें कशा विणल्या, त्याची हकीकत गृहस्थ वाचकांस उपयोगी पडेल या आशेनें येथें देत आहें.

आम्ही नऊ माणसें एकत्र राहतों. आमच्या वहिनी, म्हणजे माझ्या दिवंगत वडील बंधूंच्या पत्नी. मी व माझी पत्नी. पुतण्या व त्याची पत्नी. मुलगा व सून. आणि दोन नातवंडें. रात्रीचें जेवण सर्वांनीं माजघरांत पाटावर बसून एकत्र करावें, हा वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता. वहिनी लग्न होऊन या घरांत आल्या तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. त्याच माजघरांत, वांकून, पन्नासाहून अधिक वर्षें त्यांनीं आम्हांस वाढलें. आतां त्यांचें वय ७९ आहे. गुडघ्यांनीं दगा दिल्यापासून त्या खालीं बसल्या तर दोघांनीं धरून उठवावें लागे. कोणास त्रास नको म्हणून त्या आपण होऊन स्वयंपाकघरांत स्टुलावर बसून, ओट्यावर ताट ठेवून, भिंतीकडे तोंड करून जेवूं लागल्या. 'त्यांना तेंच सोईचें पडतें,' असें म्हणून आम्हीं आपलें समाधान करून घेतलें.

एके रात्रीं धाकटी नात पानावरून उठली, स्वयंपाकघरांत डोकावून आली आणि मला म्हणाली, "आजोबा, मोठ्या आजीला शिक्षा केली आहे का?"

मी ३४ वर्षें शिक्षक होतों. भिंतीकडे तोंड केलेलें मूल पाठीमागून कसें दिसतें हें मला चांगलें ठाऊक आहे. त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं घरांत विचारविनिमय झाला. टेबल आणावें यावर तरुण मंडळींचें एकमत होतें. एका नातलगांनीं मात्र "तुमच्यासारख्या शास्त्र जाणणाऱ्याच्या घरीं टेबल?" असा प्रश्न केला. त्यांस मीं इतकेंच म्हटलें कीं, पाट हें साधन आहे, पंक्ति हें साध्य आहे. साधन जपण्यासाठीं आम्हीं पंक्तींतून एक माणूस उठवलें, तें आतां परत आणावयाचें आहे. पुतण्यानें बाजारांतील तयार टेबल-खुर्च्यांची किंमत काढून आणली. ती ऐकून मला माळ्यावर पडलेल्या सहा खुर्च्यांची आठवण झाली.

या खुर्च्या माझ्या वडिलांनीं १९५० च्या सुमारास एका कचेरीच्या लिलावांत घेतल्या होत्या. पुढें १९८४ सालीं बंधूंनीं त्यांवर प्लायवुड ठोकून, फोम घालून, वरून तपकिरी रेक्झिन चढविलें. तें रेक्झिन आतां तडकलें होतें व फोमचा पिवळा भुगा झाला होता. "काका, भंगारांत द्या," असें पुतण्या म्हणाला. निर्णय करण्यापूर्वीं एक खुर्ची मीं अंगणांत आणून पकडीनें चुका उपटल्या. प्लायवुड निघालें, आणि खालच्या सागवानी चौकटीच्या चारही बाजूंनीं, चार-चार सुतांच्या अंतरावर, ओळीनें पाडलेलीं छिद्रें दिसलीं. समोर ३१, मागें २५, बाजूंस २७-२७. ही मुळांत वेतानें विणलेली खुर्ची होती. कांहीं छिद्रांत जुन्या वेताचे काळे तुकडे अद्याप अडकलेले होते.

नवीन गादी भरण्याचा माझा बेत तेथेंच पालटला. आपल्या हवेंत जेवणाच्या खुर्चीस वेतासारखी बैठक नाहीं. तिच्या जाळींतून वारा खेळतो, उन्हाळ्यांत घाम धरत नाहीं, आमटी सांडली तर ओल्या फडक्यानें पुसून घेतां येते, आणि खरकटें मुरून राहील अशी जागाच तिच्यांत नसते. कापडी गादीविषयीं घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांची जी रास्त तक्रार असते, ती येथें उद्भवतच नाहीं.

वेत म्हणजे बांबू नव्हे. बांबू हें गवताच्या जातीचें. वेत ही ताडाच्या कुळांतील कांटेरी वेल. ती सह्याद्रींत, केरळांत, आसामांत व अंदमानांत रानांतून वाढते. बांबू आंतून पोकळ असतो, वेत भरीव. त्याची वरची चकचकीत साल सोलून ज्या चपट्या पट्ट्या काढतात, त्यांनीं खुर्च्या विणतात. १७ व्या शतकांत पूर्वेकडील देशांशीं व्यापार करणाऱ्या कंपन्यांनीं हा वेत युरोपांत नेला, तेथें वेताच्या बैठकीची खुर्ची लोकप्रिय झाली, आणि साहेबाच्या कचेरीबरोबर ती आपल्याकडे आली. व्हिएन्नाच्या थोनेट यांनीं १८५९ सालीं वांकविलेल्या लांकडाची जी प्रसिद्ध खुर्ची काढली, तिची बैठकही वेताची असे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांतून ज्यांनीं चहा घेतला असेल त्यांस त्या कुळांतील खुर्च्या आठवतील.

आतां प्रत्यक्ष काम. प्रथम लांकूड. खुर्च्यांचे सांधे खिळखिळे झाले होते, कारण जुना सरेस वाळून त्याची भुकटी झाली होती. सांधे हलके ठोकून सोडविले, कोमट पाण्यानें जुना सरेस धुवून काढला, लांकूड पूर्ण वाळूं दिलें आणि नवा सरेस लावून ते पुनः बसविले. सांधा आवळण्यास महाग यंत्र लागत नाहीं. चारही पायांभोंवतीं दुहेरी दोरी बांधावी, तींत काठी घालून पीळ द्यावा व चोवीस तास तसेंच ठेवावें. मग पॉलिश-कागदानें लांकडाच्या रेषेच्या दिशेनेंच घांसावें. आडवें घांसल्यास पडलेले ओरखडे पॉलिश लावल्यावर अधिकच उठून दिसतात. खुर्च्यांस मीं स्पिरिटमध्यें विरघळविलेल्या लाखेचे तीन पातळ हात दिले. टेबलाच्या फळीस मात्र लाख लावूं नये, कारण गरम पातेलें ठेवतांच तिच्यावर पांढरा डाग पडतो. तिला जवसाचें तेल चोळावें. येथें एक इशारा दिलाच पाहिजे: जवसाच्या तेलाचीं फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत, तीं आपोआप तापून पेट घेऊं शकतात. उघड्यावर पसरून वाळवावींत.

मग वेत. पहिल्या दिवशीं मीं तो कोरडाच ओढला, तो मोडला. दुसऱ्या दिवशीं शहाणपण म्हणून रात्रभर भिजत घातला, तो काळवंडला. अर्धा तास कोमट पाणी पुरेसें आहे, हें तिसऱ्या दिवशीं कळलें. पट्टीची रुंदी सुताहून किंचित् कमी असावी व चकचकीत बाजू नेहमीं वर राहावी.

विणकामाचे सहा थर असतात. चौकट समोर रुंद व मागें अरुंद असल्यामुळें दोन्ही बाजूंचीं मधलीं छिद्रें शोधून तेथून आरंभ करावा. कडेच्या उभ्या पट्ट्या मागपर्यंत पोंचत नाहींत, त्या बाजूच्या छिद्रांत संपवाव्या. पहिला थर उभा. दुसरा त्याच्यावर आडवा. तिसरा पुनः उभा, पहिल्याच छिद्रांतून पण किंचित् उजवीकडे. येथवर विणणें नाहीं, एकावर एक ठेवणें आहे. चौथा आडवा थर मात्र विणावयाचा, म्हणजे पहिल्या उभ्या पट्टीखालून व तिसऱ्या थराच्या पट्टीवरून काढावयाचा. पांचवा व सहावा तिरपे. त्यांतील एक उभ्या जोडीवरून व आडव्या जोडीखालून जातो, दुसरा त्याच्या उलट. कोणता कसा, याची खूण सोपी आहे: मार्ग बरोबर असेल तर पट्टी सरकत जाते, चुकला असेल तर घांसत, सालपटत जाते. ओढलेली पट्टी सुटूं नये म्हणून छिद्रांत बांबूच्या लहान खुंट्या माराव्या. शेवटीं कांठावर एक रुंद पट्टी बसविली कीं सर्व छिद्रें झांकलीं जातात.

लिहिण्यास हें सोपें आहे. माझ्या पहिल्या खुर्चींत चार थर झाल्यावर तिरपी पट्टी आंत शिरेना. आमच्या पेठेपलीकडे एक वृद्ध गृहस्थ राहतात. ते जन्मांध. अंधशाळेंत वेतकाम शिकून त्यांनीं एका कचेरींत खुर्च्या विणण्याची नोकरी आयुष्यभर केली. ती खुर्ची रिक्षांत घालून मी त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं विणीवरून एकदां बोटें फिरविलीं आणि ते हंसले.

"गुरुजी, मुलाचा कान ओढावा तसा ओढला आहे हो वेत तुम्हीं. पहिले तीन थर सैल असूं द्या. पुढचे थर येतील तसा त्याला आपोआप ताण येतो. आधींच ताणलात, तर पुढच्याला जागा कोठें राहणार?"

संस्कृतांत वेतास वेत्र म्हणतात, वेतसही म्हणतात. शाकुंतलांत दुष्यंताच्या प्रतीहारीचें नांव वेत्रवती आहे. हातीं वेत धरणारी, म्हणजे राजसत्तेची खूण धरणारी. उलट रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत, रघूच्या स्वारीपुढें सुह्म देशाचे लोक वेतसाप्रमाणें लवले आणि वांचले, असें कालिदास सांगतो. हे दोन्ही अर्थ, अधिकाराचा व नम्रतेचा, मीं वर्गांत अनेकदां सांगितले. पण माझ्या हातीं होता तो पहिलाच. नोकरीच्या सुरुवातीच्या काळांत माझ्या टेबलावर छडी असे आणि ती नुसती शोभेस नसे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षेस मनाई केली. छडी मीं त्यापूर्वींच सोडली होती, परंतु ती कां सोडावी याचा खरा पाठ मला त्या अंध गृहस्थांच्या ओटीवर मिळाला. घरीं येऊन पहिल्या खुर्चीचे चारही थर कापून काढले आणि पुनः आरंभ केला. त्या खुर्चीस अकरा दिवस लागले, सहावीस चार.

खुर्च्या होईपर्यंत सुतारानें जुन्या सागवानी फळ्यांचें टेबल केलें. खोलीची मांडणी ठरवितांना पुढील मापें मला उपयोगी पडलीं. प्रत्येक माणसास टेबलाच्या कडेची २४ इंच जागा द्यावी, मुलांस १८ पुरते. खुर्ची मागें सारून उठतां यावें व वाढणाऱ्यास पाठीमागून जातां यावें म्हणून टेबलापासून भिंतीपर्यंत तीन फूट मोकळे सोडावे. आमचें माजघर १५ फूट लांब व ११ फूट रुंद. म्हणून टेबल ७ फूट लांब व ३ फूट रुंद केलें. सहा खुर्च्या आणि मुलांसाठीं एक बांक, अशी नऊ जणांची सोय झाली. उंचीविषयीं थोडें अधिक. बाजारांतील टेबल बहुधा ३० इंच उंच असतें. हातानें जेवणाऱ्यास, विशेषतः बुटक्या माणसास, तें उंच होतें; कोपर वर उचलून भात कालवावा लागतो. आम्हीं तें साडेअठ्ठावीस इंच ठेवलें. बैठक साडेसतरा इंचांवर आहे, म्हणजे मध्यें अकरा इंच राहतात. भिंतींस मुलांनीं चुना दिला, दिवा टेबलाच्या बरोबर मध्यावर घेतला, आणि माजघर तयार झालें.

पहिल्या रात्रीं वहिनींस मधल्या खुर्चीवर बसविलें, तेव्हां एक चूक ध्यानांत आली. त्या ठेंगण्या असल्यामुळें त्यांचे पाय जमिनीस टेकेनात. खुर्चीचे पाय कापावे काय, असा विचार मी करूं लागलों, तोंच सून उठली, भिंतीशीं उभे केलेल्या पाटांतील एक घेऊन आली आणि तिनें तो त्यांच्या पायांखालीं सरकविला. पाय बरोबर टेकले.

वाढण्यासाठीं वहिनी दोनदां उठूं लागल्या. दोन्ही वेळां नातवंडांनीं त्यांस बसविलें. त्या सावकाश जेवल्या. बोलल्या फारसें नाहींत. सर्वांचें होत आलें असतां त्यांनीं ताट किंचित् पुढें केलें व म्हटलें, "भात आण ग थोडा." दोन वर्षांत त्यांनीं दुसऱ्यांदा भात मागितल्याचें मला स्मरत नव्हतें.

वेताच्या बैठकीची निगा सोपी आहे. तिच्यावर उभें राहूं नये अथवा गुडघा टेकूं नये. वर्षा-दोन वर्षांनीं ती सैल पडली तर खालच्या बाजूनें गरम पाण्याचें फडकें लावून रात्रभर वाळूं द्यावी; ती पुनः ताठ होते. यासाठींच खालची बाजू पॉलिशशिवाय ठेवावी. राहिलेले पाट आम्हीं टाकले नाहींत. सणावारीं केळीचीं पानें मांडून तरुण मंडळी त्यांवर अवश्य बसतात, व मांडी घालून बसण्याची संवय मुलांस असावी याविषयीं माझें दुमत नाहीं. परंतु रोजच्या पंगतीची उंची घरांतील धडधाकट माणसांकडे पाहून ठरवूं नये. ज्यांचे गुडघे थकले आहेत त्यांना कोठें बसतां येतें तें आधीं पाहावें, आणि बाकीच्यांनीं तेथें जाऊन बसावें.