अडीच शिलिंगांची निवड

१९३६ च्या मे महिन्यात लंडनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवरील प्रकाशक व्हिक्टर गोलांझ यांनी ‘लेफ्ट बुक क्लब’ या नावाने जे वाचकमंडळ स्थापिले, त्याच्या अटी करारनाम्यास शोभतील अशा मोजक्या होत्या: सभासदाने निदान सहा महिनेपर्यंत दरमहा अडीच शिलिंग भरून मंडळाचे पुस्तक घ्यावे, आणि ते कोणते असावे हे खुद्द गोलांझ, प्राध्यापक हॅरल्ड लास्की व लेखक जॉन स्ट्रॅची या त्रयीने ठरवावे. यांपैकी लास्कींचे नाव आपल्याकडील सुशिक्षितांस नवे नाही. कृष्ण मेनन त्यांचेच विद्यार्थी. पुस्तकाची बांधणी नारिंगी, मऊ कापडी असे, आणि ते सर्वसामान्य विक्रीसाठी नाही अशी ताकीद तीवर छापलेली असे. अशा ताकिदीने कुतूहल वाढते, हे त्या चतुर व्यापाऱ्यास ठाऊक नसेल असे म्हणवत नाही.

अडीच हजार सभासद मिळाले तर तोंडमिळवणी होईल, असा गोलांझ यांचा हिशेब होता. परंतु बेकारीने गांजलेल्या, हिटलरच्या उदयाने धास्तावलेल्या आणि पुढे दोनच महिन्यांत पेटलेल्या स्पेनमधील यादवीने अस्वस्थ झालेल्या त्या देशात असा प्रतिसाद मिळाला की, १९३९ पर्यंत सभासदसंख्या ५७,००० च्या घरात गेली. गावोगावी सुमारे १,२०० अभ्यासमंडळे निघाली. कोठे एखाद्या सभासदाच्या बैठकीच्या खोलीत, कोठे भाड्याच्या दिवाणखान्यात त्या महिन्याच्या पुस्तकावर वाद झडत, स्पेनसाठी निधी जमविला जाई, आणि टॅक्सीचालकांपासून डॉक्टरांपर्यंत निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांनी आपापले स्वतंत्र गटही उभारले. मला या सर्व उद्योगाचे खरे वैभव येथेच दिसते. कारण निवडीचा अधिकार वर्गणीदारांस नसला, तरी निवडलेल्या ग्रंथाशी भांडण्याची मुभा त्यांस पुरेपूर होती.

ती निवड किती प्रभावी होती, याचा दाखला जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांत मिळतो. उत्तर इंग्लंडमधील खाणकामगारांच्या हलाखीचे चित्र रेखाटणारे ‘द रोड टू विगन पिअर’ मार्च १९३७ चे पुस्तक ठरले व मंडळाच्या आवृत्तीच्या चाळीस हजारांहून अधिक प्रती निघाल्या. मात्र त्याच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय समाजवाद्यांची जी कठोर हजेरी घेतलेली होती, ती निवडकर्त्यांस रुचण्याजोगी नव्हती. म्हणून गोलांझ यांनी स्वतः प्रस्तावना लिहून लेखकाशी असलेला आपला मतभेद वाचकांच्या कानी आधीच घातला. (लेखक त्या वेळी स्पेनच्या रणभूमीवर होता.) यजमानानेच पाहुण्याच्या वतीने क्षमायाचना करावी, असा तो प्रकार होता. पुढे स्पेनच्या अनुभवांवरील ‘होमेज टु कॅटलोनिया’ गोलांझ यांनी नाकारले, कारण त्यात कम्युनिस्टांवर दोषारोप होणार हे उघड होते. १९३८ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने काढलेल्या त्याच्या दीड हजार प्रतीही लेखकाच्या हयातीत संपल्या नाहीत. ग्रंथाची योग्यता एका पारड्यात आणि त्रयीची मंजुरी दुसऱ्यात घातली असता कोणते पारडे जड ठरे, हे त्या आकड्यांवरून कळते.

तरीही त्या यादीस केवळ प्रचाराचे बाड म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. क्लेमेंट अॅटली यांचे मजूर पक्षाविषयीचे पुस्तक, एलन विल्किन्सन यांनी जॅरो या उद्ध्वस्त गावाची सांगितलेली कहाणी, आणि आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा असा रजनी पाम दत्त यांचा ‘इंडिया टुडे’ हा १९४० चा ग्रंथ, ही सारी त्याच परंपरेतली. यांपैकी शेवटच्याची आवृत्ती पुढे मुंबईच्या पीपल्स पब्लिशिंग हाऊसनेही काढली. १९४५ साली अॅटली पंतप्रधान झाले, विल्किन्सन शिक्षणमंत्री झाल्या, आणि वर्षभराने स्ट्रॅचींकडे अन्नखाते आले.

मंडळास मात्र तोवर ओहोटी लागली होती. ऑगस्ट १९३९ च्या जर्मन-सोव्हिएत कराराने गोलांझ यांचा कम्युनिस्टांवरील विश्वास उडाला, आणि १९४१ मध्ये कम्युनिस्टांवर टीका करणारा जो लेखसंग्रह त्यांनी प्रसिद्ध केला, त्यात दोन लेख ऑर्वेल यांचे होते. १९४८ मध्ये मंडळ बंद झाले.