गाऱ्हाणं कोणत्या भाषेत मांडायचं?

पर्लकोटा नदी पुलावर चढली की गडचिरोली जिल्ह्यातली हेमलकसा आणि भामरागड ही जेमतेम तीन किलोमीटर अंतरावरची दोन गावं एकमेकांना दुरावतात. लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना नदीच्या अलीकडे राहतो. तहसील कचेरी आणि बाजार पलीकडे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावती फुगली की बाकीच्या दोघींचं पाणी तुंबतं आणि गावात शिरतं. जुन्या ठेंगण्या पुलावर पाणी आलं, शंभरावर गावांचा संपर्क तुटला, ही बातमी वर्षानुवर्षं पावसाळ्यात छापून येत राहिली. २०१९च्या पावसाळ्यात तर ती पुन्हा पुन्हा छापावी लागली.

अशा दिवसांत माणसं काय बोलतात? पूल उंच का बांधला नाही, रेशन पावसाआधी पोचलं का, वीज कधी येणार, टॉवर का बंद पडला, निवडणुकीत मत मागायला आलेले आता कुठे आहेत. पुण्यातल्या सोसायटीत पाणी आलं नाही की शेजारी शेजाऱ्याशी फोनवरच्या गटात हेच बोलतो. विषय फारसे वेगळे नाहीत. वेगळं आहे ते हे, की सोसायटीतल्या माणसाचं गाऱ्हाणं महापालिकेला समजणाऱ्या भाषेत असतं, आणि ते लिहिण्यापुरतं नेटवर्क त्याच्या हातात असतं. भामरागडच्या माडिया आदिवासी माणसाला या दोन्ही गोष्टींची खात्री नाही. म्हणून शेजाऱ्यांच्या रोजच्या तक्रारीला नेमकं काय काय लागतं, हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं शहरात दिसत नाही.

गोटूल : बसायची जागा

गोटूल म्हटलं की मराठी वाचकाला तरुण-तरुणींचं नाचगाणं आठवतं. व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरमधल्या मुरिया गोटुलावर १९४७ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि गोटुलाची तीच ओळख जगभर पसरली. गडचिरोलीच्या माडिया गावांतला गोटूल त्याहून वेगळा आहे. तो गावाचा सामाईक मांडव आहे. पाहुणा आला की तिथे उतरतो, सणाची आखणी तिथे होते, आणि गावातला तंटाही तिथेच बसून सोडवतात. गायता, भूमिया, पाटील अशी मानाची माणसं पुढे असतात, पण बोलायला सगळ्यांना वाव असतो. बोलणं लांबतं. एकाचं मत सगळ्यांसमोर येतं, दुसरा त्याला उत्तर देतो, तिसरा जुना दाखला काढतो. घाई नसते, कारण उद्या याच माणसांबरोबर शेत नांगरायचं असतं आणि मोह वेचायला जायचं असतं.

या पद्धतीचं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे हे गाव महाराष्ट्राला कळलं, आणि मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात ते सविस्तर मांडलं. मेंढ्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात फक्त चर्चा होते. तिथे बाहेरचा माणूस येऊ शकतो, कुणी काहीही विचारू शकतो, पण निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही मतदानाने नाही तर सर्वसहमतीने. एकालाही पटलं नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. इतकी वर्षं वनखात्याकडे असलेला अधिकार गावाकडे आला, कारण गावाला आधी बसून बोलायची सवय होती.

गोटुलाला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. परंपरेच्या पंचांत बाईचा आवाज कमी होता आणि अनेक ठिकाणी आजही कमी आहे. इथे कायद्याने मदत केली. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, असं ठरलं. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांसाठीचा १९९६चा पेसा कायदा आणि त्याचे महाराष्ट्रातले २०१४चे नियम यांनी आणखी एक दार उघडलं. एखादा टोला किंवा पाडा स्वतःला वेगळं गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. म्हणजे पाच-सात गावांच्या ग्रामपंचायतीत हरवून जाणारा आवाज आपल्या आंब्याखाली ऐकू येऊ शकतो. गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, आणि कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकतात. भाव, बोनस, फळीवरची मोजणी या सगळ्यावर तिथे वाद होतात. ते वाद हीच स्वराज्याची शाळा आहे.

हेमलकसा : आधी ऐकणं

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती, आणि माणसं बाहेरच्यांना पाहून जंगलात निघून जात. पेशंट यायला लागले तेव्हा पहिली अडचण औषधाची नव्हती, बोलण्याची होती. कुठे दुखतं हे माडियात विचारता येईना आणि सांगितलेलं कळेना. दोघं माडिया शिकले. दवाखाना त्यानंतर उभा राहिला, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. माणसाला दुखणं सांगता आलं नाही तर डॉक्टर निकामी असतो. माणसाला गाऱ्हाणं सांगता आलं नाही तर सरकारही तसंच निकामी असतं.

१९७६ साली आश्रमशाळा सुरू झाली. माडिया मुलं मराठी शिकली, आणि त्यांच्या हाती एक अस्त्र आलं. मिठाच्या बदल्यात चारोळी घेऊन जाणारा व्यापारी किती लुटतो, हे त्यांना हिशेबाने कळू लागलं. कागदावर काय लिहिलं आहे ते वाचता येऊ लागलं. पुढे या भागातून शिक्षक झाले, डॉक्टर झाले, वकील झाले. माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जाणारे लालसू नोगोटी २०१७च्या जिल्हा परिषद निवडणुकीत भामरागडमधून निवडून आले. कुठल्या पक्षाने त्यांना उभं केलं नव्हतं. ते ग्रामसभांचे उमेदवार होते. एटापल्ली तालुक्यातून सैनू गोटा असेच निवडून गेले. गोटुलात बसून ठरलेलं राजकारण मतपेटीत उतरू शकतं, हे त्या वर्षी दिसलं.

बुलटू : आवाज बाहेर नेणं

स्मार्टफोन आला तेव्हा तो गोटुलातल्या बैठकीची जागा घेईल असं अनेकांना वाटलं. त्याआधी शेजारच्या छत्तीसगडमध्ये एक वेगळा प्रयोग झाला. पूर्वी बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २००४ साली 'सीजीनेट' नावाचा ई-मेल गट सुरू केला. थोड्याच काळात लक्षात आलं, की ज्यांच्याबद्दल चर्चा चालली आहे ते चर्चेत नाहीतच. त्यांच्याकडे संगणक नाही आणि त्यांची भाषा हिंदी-इंग्रजी नाही. म्हणून २०१० साली 'सीजीनेट स्वर' उभं राहिलं. साध्या फोनवरून एक नंबर लावायचा. फोन कट होतो आणि उलट फोन येतो, म्हणजे पैसे लागत नाहीत. एक दाबलं की आपलं म्हणणं नोंदवता येतं, दोन दाबलं की इतरांचं ऐकता येतं. गोंडीत बोला, हिंदीत बोला, छत्तीसगढीत बोला. आलेला आवाज काही माणसं तपासतात आणि मग तो सर्वांना ऐकू येतो. मजुरी थकली, हातपंप बंद आहे, शिक्षक येत नाही, अशा तक्रारींबरोबर जबाबदार अधिकाऱ्याचा नंबरही सांगितला जाई, आणि ऐकणारे कुठून कुठून त्या अधिकाऱ्याला फोन करत. काम झालं की तोच माणूस परत फोन करून झालं म्हणून सांगे. २०१४ साली या कामाला 'इंडेक्स ऑन सेन्सॉरशिप' या संस्थेचा डिजिटल पुरस्कार मिळाला.

जिथे तोही फोन लागत नाही तिथे 'बुलटू रेडिओ' निघाला. ब्लूटूथचा हा तिकडचा उच्चार. आठवडी बाजारात किंवा पंचायतीत एका फोनमधला आवाज दुसऱ्या फोनमध्ये जातो, तिथून तिसऱ्यात. बातमी पायी चालत गावाला पोचते. इंद्रावतीच्या दोन्ही काठांवर एकमेकांचे सोयरे आहेत, तेव्हा ही रीत माडिया माणसाला समजायला जड नाही. मला या प्रयोगाचं मोल तंत्रापेक्षा एका गोष्टीसाठी जास्त वाटतं. त्यात तक्रार करणारा, ती तपासणारा आणि उत्तर देणारा अशी तिन्ही माणसं होती. गोटुलाची तीन अंगं फोनवर आणायचा तो प्रामाणिक यत्न होता.

टॉवर आला, खिडकी उघडली

गेल्या काही वर्षांत टॉवर वाढले. २७ एप्रिल २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलग्रस्त भागांतले २,३४३ टूजी टॉवर फोरजी करायला मान्यता दिली. त्याच वर्षी २७ जुलैला नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत फोरजी पोचवण्याची २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली. गडचिरोली हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आणि २०११च्या जनगणनेनुसार १०,७२,९४२ लोकसंख्येचा जिल्हा. इतक्या विरळ वस्तीत एकेका टॉवरमागे धावावं लागतं, हे मान्य केलं पाहिजे.

मात्र टॉवर पुरते पोचायच्या आतच सेवा फोनवर गेल्या. १ जानेवारी २०२३पासून रोजगार हमीच्या कामावर मजुराची हजेरी अॅपमध्ये फोटो काढून लावणं सक्तीचं झालं. रेशन दुकानात अंगठा लावायला नेट लागतं. दाखले, अर्ज, तक्रार सगळं ऑनलाइन. ज्या सेवेबद्दल तक्रार करायची तिलाही नेटवर्क लागतं आणि तक्रारीलाही. नेटवर्क गेलं की मजुराची मजुरी आणि त्याचं तोंड दोन्ही एकाच वेळी बंद होतं.

ही अडचण ओळखून गडचिरोली पोलिसांनी 'पोलीस दादालोरा खिडकी' सुरू केली. दुर्गम ठाण्यांवर आणि मदत केंद्रांवर सरकारी योजनांचे अर्ज भरून दिले जातात, दाखले मिळवून दिले जातात. नावातला 'दादालोरा' हा माडिया शब्द. दादांची खिडकी असा त्याचा अर्थ. सरकारी योजनेला माडिया नाव देणं ही लहान गोष्ट नाही. तरीही एक प्रश्न उरतो. तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक यांच्या कामासाठी पोलिसाच्या दारात जावं लागणं, ही आपल्या नागरी व्यवस्थेची उणीव आहे. ती पोलिसांनी भरून काढली म्हणून ती नाहीशी होत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला. ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हा कायदा माणसाला याचक ठेवत नाही, हक्कदार करतो. परंतु हक्कदाराला अपील लिहावं लागतं, आणि अपील मराठीत लिहावं लागतं.

शेजाऱ्याचं तोंड दिसतं का?

गावातल्या पोरांच्या हातात आता स्मार्टफोन आहेत. खाटेवर घालून नदी ओलांडणाऱ्या रुग्णाचं चित्रण, चिखलात रुतलेली गाडी, कोसळलेली शाळा हे सारं काही तासांत जिल्ह्याच्या गावी पोचतं. हे चांगलं आहे. पूर्वी असा रुग्ण दगावला तरी कागदावर उठत नसे. पण फोनवरच्या वादात दोन गोष्टी निसटतात. एक, बोलणारे बदलतात. मराठी-हिंदी लिहिता येणारा आश्रमशाळेतला मुलगा बोलतो. त्याची आजी, जिला गावातल्या प्रत्येक झऱ्याची माहिती आहे, गप्प होते. दोन, वाद मिटवण्याची जबाबदारी कुणाची नसते. गोटुलात भांडण अर्धवट सोडून उठता येत नाही. फोनवर गटातून बाहेर पडलं की संपलं. ऑगस्ट २००७मध्ये राज्याने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा गावातला तंटा गावातच मिटावा हा तिचा गाभा होता. फोनवरच्या तंट्याला अशी समिती अजून नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. फोनने आवाज बाहेर न्यावा. वाद मात्र आधी गावात, समोरासमोर बसून व्हावा. मेंढ्याने अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळी ठेवली तसं फोनवरची चर्चा आणि गावाचा निर्णय वेगळे ठेवता येतील. चर्चेत आवाजी निरोप चालावेत, म्हणजे लिहिता न येणारी बाईही माडियात बोलेल. ग्रामसभेने ठरवलेलं गाऱ्हाणं मग एका आवाजात कचेरीत जावं. एकट्या माणसाची तक्रार दाबता येते. गावाने ठराव करून पाठवलेली दाबायला जड जाते.

आता राहतो भाषेचा प्रश्न, आणि तो सरकारच्या अंगणात आहे. माडिया ही गोंडीचीच बोली. २०११च्या जनगणनेत गोंडी आपली भाषा म्हणून सांगणारे २९ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. एवढी माणसं बोलत असूनही गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. अनुसूचीचा वाद लांबचा आहे. त्यासाठी थांबायची गरज नाही. भामरागडच्या प्रत्येक खिडकीवर माडियात ऐकून मराठीत लिहून घेणारा एक माणूस बसवा. लोकबिरादरीसारख्या शाळांतून शिकलेली माडिया तरुण मंडळी या कामाला तयार मिळतील. तक्रारीच्या फोनसेवेत माडियाचा पर्याय द्या. उत्तरही माडियात द्या.

यासाठी नवा कायदा लागत नाही. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० सांगतो, की संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपलं गाऱ्हाणं अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. हा हक्क २६ जानेवारी १९५०पासून अमलात आहे.