गट नंबरची तारीख का होते?



ऊसनोंदीच्या पावतीवर काही जणांच्या गट नंबरच्या जागी '12-मार्च' असे छापून आले आहे. फिल्डमनने तारीख भलत्या रकान्यात लिहिली, असा पुष्कळांचा समज झाला. त्याचा यात दोष नाही. त्याने गट 12, हिस्सा 3, म्हणजे 12/3 असेच लिहिले होते.

आपली यादी पूर्वी लोटस 1-2-3 या प्रोग्रॅमवर होती. तो 1983 साली बाजारात आला आणि 2014 साली आयबीएम कंपनीने त्याची देखभाल थांबवली. त्यात 12/3 टाकले की तो सरळ भागाकार करून 4 दाखवायचा! म्हणून जुन्या लोकांनी एक मॅक्रो करून ठेवला होता. मॅक्रो म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, कोणती बटणं ओळीनं दाबायची त्याची चिठ्ठी. 'एडिट' दाब, 'होम' दाबून मजकुराच्या सुरुवातीला जा, एकेरी अवतरणचिन्ह टाक, 'एंटर' मार, एक घर खाली उतर. ते चिन्ह लागले की हा आकडा हिशेबाचा नव्हे, नुसता मजकूर आहे, हे संगणकाला कळते. लोटस वर 4 दाखवत असला तरी पोटात 12/3 जपून ठेवी, त्यामुळे मागाहून चिन्ह लावलं तरी भागायचं.

एक्सेलचं तसं नाही. तो 12/3 ची तारीख करतो आणि मूळ आकडे ठेवतच नाही, पोटात दिवसांची मोजणी ठेवतो. मग चिन्ह लावलं तर ते तारखेलाच चिकटतं. खुद्द 7/12 लिहिलंत तरी तो 7 डिसेंबर म्हणणार! ज्यांची तारीख बनत नाही असे नंबर तसेच राहतात, म्हणून यादी वरवर ठीक दिसते.

याहून मोठा धोका रेकॉर्डरचा. जुना मॅक्रो नव्याने करताना काही मुलं रेकॉर्डर लावून एका घरात दुरुस्ती करतात. पण रेकॉर्डर 'सुरुवातीला जाऊन चिन्ह टाक' हे टिपत नाही. त्या घरात शेवटी झालेला अख्खा मजकूर टिपतो. तो मॅक्रो खाली चालवला की पहिल्या सभासदाचा गट नंबर सगळ्यांच्या नावापुढे! टोळी भलत्याच बांधावर जाऊन उभी राहिली तर पाळी आलेला ऊस तुरा धरून वाळतो, आणि वजनातली घट सभासदाच्या पदरात पडते.

म्हणून रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा, मगच नोंदी भरायच्या. मॅक्रो व्हीबीए भाषेत हाताने लिहायचा: घरातला मजकूर उचल, बदल कर, त्याच घरात परत ठेव, पुढच्या घराकडे जा. सभासद क्रमांकाच्या आरंभीची शून्येही टेक्स्ट रकान्यातच टिकतात.

बिघडलेल्या नोंदींत तारखेतून दिवस आणि महिना काढून नंबर पुन्हा जोडता येतो. पण नोंद केलेल्या संगणकावर तारखेची अमेरिकन पद्धत असेल तर 12/3 चा 3/12 होतो. त्यामुळे असल्या नोंदी मॅक्रोवर न सोडता उताऱ्याशी ताडून पाहाव्यात, असे माझे मत आहे.

ज्यांच्या पावतीवर महिन्याचे नाव आले आहे त्यांनी पावती व चालू सात-बारा घेऊन शेतकी ऑफिसात यावे. निघताना शेजारच्या बांधकऱ्याचीही पावती पाहून घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी