कुत्र्याची जात आणि कुत्र्याचा स्वभाव

छत्तीसगडात वस्तीला ‘पारा’ म्हणतात. रायपूर शहरातील ब्राह्मणपारा हा असाच एक जुना मोहल्ला होय. अशा जुन्या मोहल्ल्याच्या गल्ल्यांत जी कुत्री वावरतात, त्यांना सांगण्यासारखी जात नसते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा मुक्त संकर होत आलेला असतो. म्हणून रहिवासी त्यांना ओळखतात ते वागणुकीवरून. एक कुत्रे परका माणूस दिसताच गुरगुरते, दुसरे त्याच्याच मागे शेपूट हालवीत जाते, तर तिसरे ओट्याखालून सहसा बाहेर पडत नाही. एकाच वेताच्या पिल्लांतही हा भेद दिसून येतो. परंतु पैसे मोजून पिल्लू विकत आणावयाचे ठरले, की विचारण्याची रीत बदलते. अल्सेशियन घ्यावे की लॅब्रेडॉर, हाच काय तो प्रश्न उरतो. जातीचे नाव ही जणू स्वभावाची हमीच, असे गृहीत धरले जाते.

हा समज निराधार आहे असे नव्हे. मराठी मुलखातील कारवानी कुत्र्याचेच उदाहरण घ्यावे. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर आणि निमुळते डोके अशी त्याची ठेवण असते. वासापेक्षा नजरेवर विसंबून ते भक्ष्याचा पाठलाग करते. मुधोळ संस्थानाच्या घोरपडे राजांनी या कुत्र्यांची जोपासना केली, त्यामुळे ‘मुधोळ हाउंड’ हे नाव त्यांना मिळाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे चित्र तिकिटावर छापले आणि २०१६ साली त्यांची पिल्ले मीरत येथील लष्करी केंद्रात शिक्षणासाठी नेण्यात आली. धावण्यासाठी घडलेले हे शरीर पिढ्यांच्या निवडीतून आलेले आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो शरीराबरोबर स्वभावही तितक्याच खात्रीने येतो काय, हा.

२०२२ साली अमेरिकेतील संशोधकांनी या प्रश्नाचे मोजमाप प्रसिद्ध केले. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी प्रश्नावली दिली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची आनुवंशिक द्रव्ये तपासली. त्यांत संकरित कुत्रीही पुष्कळ होती. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक आढळला, त्यापैकी सुमारे ९ टक्के फरकाचाच उलगडा जातीवरून झाला. माणसाची आज्ञा ऐकण्याची तयारी जातीशी त्यातल्या त्यात अधिक निगडित निघाली. उलट, भीतिदायक वा त्रासदायक प्रसंगी कुत्रे किती लवकर बिथरेल, हे जातीवरून जवळजवळ सांगताच येईना. लॅब्रेडॉर कुत्री सहसा विव्हळत ओरडत नाहीत, तरी ८ टक्के लॅब्रेडॉरांच्या मालकांनी आपले कुत्रे कधी कधी तसे ओरडते असे सांगितले. ग्रेहाउंडांपैकी ९० टक्के कुत्री खेळणी कधीच पुरत नाहीत, मात्र ३ टक्के वारंवार पुरतात. कोणत्या घरी या ३ टक्क्यांतले कुत्रे येईल, ते जातीच्या दाखल्यावर लिहिलेले नसते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. स्वभाव आनुवंशिक नसतो, असा याचा अर्थ नव्हे. त्याच पाहणीत स्वभावाच्या अनेक अंगांत आनुवंशिकतेचा वाटा बराच दिसून आला. परंतु केसांचा रंग वा लांबी जशी थोड्या जनुकांवर ठरते, तसे स्वभावाचे नाही. तेथे अनेक जनुकांचा अल्प अल्प परिणाम एकत्र होतो. शिवाय आजच्या बहुतेक जाती गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतच, मुख्यतः रूपाकडे पाहून, काटेकोरपणे वेगळ्या करण्यात आल्या. कान कसा असावा हे त्यांनी पक्के केले. धीर किती असावा हे पक्के करणे त्यांना साधले नाही.

आनुवंशिकतेच्या जोडीला संगोपन असते. स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे पाच जातींची पिल्ले अनेक वर्षे एकाच पद्धतीने वाढविली आणि १९६५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. जातीजातींत त्यांना भेद आढळले, पण एकाच जातीच्या कुत्र्यांतही मोठे भेद आढळले. जन्मानंतरच्या सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत माणसाचा सहवास मिळाला नाही, तर पिल्लू पुढे माणसाला बुजते, हेही त्यांनी दाखविले. उत्तम कुळीचे पिल्लू या काळात पिंजऱ्यात एकटे राहिले, तर कुळीचा फारसा उपयोग होत नाही. विक्रेते हे क्वचितच सांगतात.

प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींची व त्यांच्या संकरांची विक्री, पैदास व पाळणूक यांना परवाने देऊ नयेत, असे राज्यांना कळविले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते, हे त्याचे एक कारण होते. अशा यादीमागे एक रास्त चिंता असते. मोठा जबडा व भक्कम मान असलेले कुत्रे चावले तर इजा गंभीर होते, आणि जबडा हा जातीचा भाग आहे. परंतु ते चावेल की नाही, हे जबड्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी ते विशिष्ट कुत्रे कोणाजवळ वाढले, साखळीला किती तास बांधलेले असते, परके मूल जवळ आल्यावर त्याने यापूर्वी काय केले, याची चौकशी करावी लागते. ब्राह्मणपाऱ्यासारख्या वस्तीतले लोक गल्लीतल्या कुत्र्याविषयी नेमकी हीच माहिती ठेवतात.