निषेधाच्या पत्रकानंतरचे काम

अंबाल्याकडून चंदीगडला येताना घग्गर नदी ओलांडण्याआधी डेराबस्सी लागते. मोहाली जिल्ह्यातल्या या गावाभोवती औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत, महामार्गालगत उंच इमारतींच्या वसाहती आहेत आणि शेजारीच हरियाणाची हद्द आहे. सांडपाणी, जमिनींचे व्यवहार, नदीतली वाळू, यांतल्या कशावरही लिहिले तरी कुणाचे तरी पैसे अडतात. लिहिणारा असतो तहसीलचा प्रतिनिधी. त्याला बातमीचे मिळतात ते नाममात्र पैसे, जाहिरातीवरचे कमिशन ही खरी मिळकत, आणि घर चालते ते झेरॉक्सच्या दुकानावर किंवा शेतीवर. महाराष्ट्रात तालुक्याच्या बातम्या करून मी इकडे राहायला आलो. माणसांची भाषा बदलली, पण या प्रतिनिधीची परिस्थिती तीच दिसली.

पत्रकारांच्या संघटना काय करतात, असे विचारले की बहुतेकांना निषेधाचे पत्रक आठवते. त्या पत्रकाआधी आणि त्यानंतर जे काम चालते, ते मी इथे जवळून पाहिले. वाळूच्या ट्रॉलींचे चित्रीकरण करणाऱ्या एका तरुण प्रतिनिधीला नदीकाठी धक्काबुक्की झाली होती आणि त्याचा फोन हिसकावून नेला होता. त्याने मित्राच्या फोनवरून पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला. ग्रुपवर संतापाचे संदेश येत होते तोवर संघटनेचे एक ज्येष्ठ सदस्य स्कूटरवरून त्याच्याकडे पोचले आणि त्याला आधी सरकारी रुग्णालयात घेऊन गेले.

या कामातला क्रम महत्त्वाचा असतो. डॉक्टर जखमा तपासून वेळेसह वैद्यकीय-कायदेशीर अहवाल करतात. पंजाबात त्याला एमएलआर म्हणतात, आपल्याकडे एमएलसी. रात्र उलटली की सूज उतरते आणि तक्रारही पातळ होते. मुलाचे मनगट सुजले होते, कोपर खरचटले होते. खरचटल्याचे काय लिहायचे, असे तो म्हणत होता. ज्येष्ठांनी डॉक्टरांना तेही लिहायला सांगितले.

मग तक्रारीचा मसुदा. मुलाने लिहिलेल्या पहिल्या परिच्छेदात लोकशाहीवरचा हल्ला होता, चौथ्या स्तंभाची गळचेपी होती. ज्येष्ठांनी त्यावर रेघ मारली. ‘‘पुत्तर, हे उद्याच्या निवेदनात घाल. इथे फक्त घडले ते लिही.’’ किती वाजता, कोणत्या जागी, ट्रॅक्टरचा नंबर काय, कोणी काय शब्द वापरले, फोन कोणी ओढला, पाहायला कोण होते. ‘‘वीरजी, नंबर अर्धाच दिसला,’’ असे मुलगा म्हणाला, तेव्हा अर्धाच लिहिला गेला. अंदाजाने पुरा केलेला नंबर पुढे न्यायालयात अख्खी तक्रार खोटी पाडू शकतो.

ठाण्यात सगळे अडते ते कलमाशी. महाराष्ट्रात किरकोळ म्हणून एनसी नोंदवतात, तशी पंजाबात डीडीआर, म्हणजे रोजनाम्यातली नोंद होते. तेवढ्यावर तपास पुढे सरकत नाही. धक्काबुक्की झाली असे नुसते सांगितले तर प्रकरण तिथेच थांबते. हातातून फोन हिसकावून नेला, असे स्पष्ट सांगितले तर भारतीय न्याय संहितेचे 304 हे झपटमारीचे कलम येते. ते दखलपात्र आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. प्रथम खबर नोंदवली की तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळालीच पाहिजे, आणि ठाण्याने नोंद नाकारली तर जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांकडे लेखी जाता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मधल्या या तरतुदी ज्येष्ठांना तोंडपाठ होत्या. ते मुन्शीशी आवाज न चढवता बोलत होते, आणि प्रत हातात पडेपर्यंत बाकावरून उठले नाहीत.

त्यांची सगळ्यात मोठी काळजी मात्र वेगळीच होती. फोन गेला म्हणजे बातमी देणाऱ्याचे नावही गेले. ट्रॉली कधी निघतात हे गावातल्या कुणीतरी कळवले होते, आणि त्याचा नंबर, त्याचे संदेश त्या फोनात होते. म्हणून ठाण्याच्या पायरीवर बसूनच पासवर्ड बदलून झाले, सिम बंद झाले, आयएमईआय क्रमांक शोधून फोन ब्लॉक करण्याची विनंती गेली. त्या गावकऱ्याला तिसऱ्याच फोनवरून सावध केले गेले. चित्रफितीची एक प्रत ग्रुपवर आधीच आली होती. ती पुराव्यात द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा नमुना संघटनेच्या फाइलमध्ये तयार होता.

एवढे झाल्यावर तो प्रश्न आलाच. कोणत्या पेपरचे? नियुक्तिपत्र आहे का? मुलाकडे नव्हते. त्याच्या नावाने बातम्या छापून येत होत्या, पण तो आपला माणूस आहे असे लिहून देणारा कागद वर्तमानपत्राने कधी दिला नव्हता. शेवटी संघटनेने आपल्या लेटरहेडवर पत्र दिले आणि सोबत छापील बातम्यांची कात्रणे लावली.

या एका कागदापाशी महाराष्ट्रातला कायदाही अडतो. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा हवा, म्हणून मराठी पत्रकारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, उपोषणे केली. विधिमंडळाने 2017 साली तो मंजूर केला. त्यात हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने तपास करायचा नाही, आणि नुकसानीची भरपाई व उपचारांचा खर्च हल्लेखोराने द्यायचा. तरतुदी चांगल्या आहेत. पण पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा कराराने माध्यम संस्थेत कामाला आहे तो, अशी व्याख्या आहे. झेरॉक्सच्या दुकानावर घर चालवून वाळूची बातमी देणाऱ्याला ही व्याख्या दारातच थांबवू शकते. सगळ्यात जास्त धोका पत्करणारा माणूस तिच्यात सगळ्यात अवघडपणे बसतो.

संस्था पाठीशी उभी राहते तेव्हा काय होते, हे याच परिसराने पाहिले आहे. दयालसिंग मजिठियांनी 1881 साली लाहोरात सुरू केलेले आणि आज विश्वस्त संस्थेतर्फे चंदीगडहून निघणारे ‘द ट्रिब्यून’ इथले मोठे दैनिक. जानेवारी 2018 मध्ये त्याच्या वार्ताहर रचना खैरा यांनी 500 रुपयांत आधारची माहिती कशी मिळते ते दाखवून दिले. आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला आणि त्यात त्यांचेही नाव आले. एडिटर्स गिल्डसह देशभरच्या संघटनांनी जाहीर विरोध केला, दैनिक बातमीवर ठाम राहिले, आणि सरकार वृत्तपत्रस्वातंत्र्याला बांधील आहे असे केंद्रीय मंत्र्यांना सांगावे लागले. डेराबस्सीच्या मुलामागेही असे कोणीतरी ठाम उभे राहायला हवे.

उभे राहायचे म्हणजे किती काळ? सिरसा येथील ‘पूरा सच’चे संपादक रामचंदर छत्रपती यांच्यावर 24 ऑक्टोबर 2002 रोजी घराबाहेर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 21 नोव्हेंबरला ते गेले. सीबीआय तपासासाठी कुटुंबाला पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात जावे लागले. डेराबस्सीपासून जवळच्या पंचकुल्यातल्या विशेष न्यायालयाचा निकाल यायला 2019 साल उजाडले. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना 6 फेब्रुवारी 2023 रोजी गाडीखाली चिरडण्यात आले. रिफायनरीच्या विषयावर ते सातत्याने लिहीत होते. सुरुवातीला तपास सदोष मनुष्यवधाच्या अंगाने चालला होता. राज्यभरच्या पत्रकारांनी आवाज उठवल्यावर खुनाचे कलम लागले, विशेष तपास पथक नेमले गेले आणि कुटुंबाला 25 लाखांची मदत जाहीर झाली. त्या दिवसांत संघटनांनी कलमाकडे लक्ष ठेवले, हे त्यांचे खरे काम होते.

पत्रकाराला गप्प केले तरी बातमी मरू नये, हाही पाठिंब्याचाच एक प्रकार आहे. फ्रान्समधली ‘फॉरबिडन स्टोरीज’ ही ना-नफा संस्था 2017 पासून नेमके हेच करते. उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरचे पत्रकार जगेंद्र सिंह यांचा जून 2015 मध्ये भाजून मृत्यू झाला. वाळूविषयीचे त्यांचे लेखन 2019 साली या संस्थेने देशोदेशीच्या पत्रकारांना घेऊन पुढे नेले. डेराबस्सीतही त्या रात्री ट्रॉलींची बातमी अडवून ठेवली गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती एकाऐवजी अनेक वर्तमानपत्रांत आली. हल्ला करून काही साधत नाही हे कळवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

यासाठी पैसा लागतो आणि एकी लागते. 1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा कलकत्त्यात रवींद्रनाथ टागोर आणि इतरांनी बचावासाठी निधी जमवला, तिथून बॅरिस्टर मुंबईला आले. मराठी पत्रकार परिषद 1939 पासून आहे, मुंबई मराठी पत्रकार संघ 1941 पासून. इतका वारसा असूनही आज एकेका तालुक्यात चार-चार संघटना आहेत, आणि पैसे घेऊन प्रेसची ओळखपत्रे वाटणारेही आहेत. अशा प्रत्येक ओळखपत्रामुळे खऱ्या वार्ताहराच्या पत्राची किंमत ठाण्यात कमी होते. सदस्यत्व कात्रणे पाहून द्यावे, पुरस्कार-सोहळ्यांवरचा खर्च कमी करून वकिलांच्या फीसाठी निधी उभारावा, आणि प्रत्येक हल्ल्याची फाइल निकाल लागेपर्यंत उघडी ठेवावी, एवढे तरी प्रत्येक संघटनेने केलेच पाहिजे.

वर्तमानपत्रांनी आपल्या प्रत्येक तालुका प्रतिनिधीला लेखी पत्र द्यावे. त्याला कागदाखेरीज काही खर्च येत नाही. महाराष्ट्र सरकारने मुख्य व्यवसायाची अट काढून जो बातमी देतो तो पत्रकार, अशी व्याख्या करावी. आणि वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या नदीची, रस्त्याची, जमिनीची बातमी देणाऱ्यावर हात उचललेला तुम्ही पाहिला असेल, तर साक्षीदार म्हणून नाव द्या आणि तारखेला न्यायालयात हजर राहा. अनेक खटले साक्षीदार न आल्यामुळे ढिले पडतात, आणि तो साक्षीदार पत्रकार नसतो, तुमच्या-माझ्यासारखा गावातला माणूस असतो.