खेळ उघडून पाहणारी मुले

पालकसभेत हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. "सर, मुलगा अभ्यासाला बसत नाही. सारा वेळ त्या खेळात डोके खुपसून असतो." तक्रार खोटी नसते. या स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी काही लिहावे, असे संस्थेच्या चिटणीसांनी सुचविले, तेव्हा मी हाच विषय घ्यावयाचे ठरविले. कारण या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे, आणि ती चूक आपल्या घरांतून पुन्हा होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

गोष्ट सुमारे वीस वर्षांपूर्वीची. मी डिचोली तालुक्यात नुकताच शिक्षकाच्या नोकरीस लागलो होतो. गोवा सरकारच्या 'सायबरएज' योजनेमुळे अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक येऊ लागले होते, त्यामुळे धाकट्या भावंडांनाही त्याचे वेड लागले होते. आमच्या शाळेतील संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. एके दिवशी तो चालेनासा झाला. चौकशी करता नववीतल्या एका मुलाने कबूल केले की, खेळाची एक फाईल उघडून त्याने गाडीचा वेग वाढविला होता. "सर, मी फक्त आकडा बदलला," एवढेच तो म्हणाला. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले, वडिलांना चिठ्ठी पाठविली आणि वर्षभर संगणकाच्या खोलीत येण्यास बंदी केली.

पुढे तो खनिज वाहणाऱ्या ट्रकवर चालक झाला. 2012 साली गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हा इतरांच्या ट्रकांप्रमाणे त्याचाही ट्रक दारात उभा राहिला. माझ्या एका शिक्षेने त्याचे आयुष्य बदलले असे मी म्हणत नाही. पण तो आकडा त्याला कोठे सापडला आणि तोच बदलावा हे त्याने कसे ओळखले, हे विचारावयाचे मात्र माझ्याकडून राहून गेले.

त्या मुलाने जे केले त्याला आज मुले 'मॉड' म्हणतात. तयार खेळात आपल्या मनासारखा फेरफार करावयाचा, म्हणजे मॉड करावयाचा. हा फेरफार शक्य का होतो, हे पेडण्याच्या जत्रेत दशावतार पाहिलेल्यांस लगेच उमजेल. आरंभी गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर यांची सोंगे येतात. हा आड-दशावतार ठरलेला असतो. त्यानंतरचे आख्यान मात्र रात्रीगणिक वेगळे. रंगमंच तोच, पेटी-पखवाज तोच, नटही तेच, परंतु कथा निराळी. संगणकावरील पुष्कळ खेळांची घडण अशीच असते. पडद्यावर चित्र उमटविणे, कळ दाबताच पात्र हलविणे, ही कामे करणारा मूळ भाग कायम असतो. नकाशे, चित्रे, आवाज, आकडे आणि कित्येकदा नियमही वेगळ्या फाईलींत ठेवलेले असतात. मूळ भागाला हात न लावता या फाईली बदलता येतात.

ही सोय प्रथम मोठ्या प्रमाणावर लोकांच्या हाती आली ती 1993 साली अमेरिकेत निघालेल्या 'डूम' या खेळामुळे. त्याचे नकाशे व चित्रे निराळ्या फाईलीत असल्यामुळे खेळणाऱ्यांनी आपापले नकाशे रचले. 1997 साली कर्त्यांनी त्याची मूळ आज्ञावलीही खुली केली, आणि कित्येकांनी ती वाचून विद्या मिळविली. 1999 साली मिन ले व जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळात फेरफार करून 'काउंटर-स्ट्राइक' रचला. 'हाफ-लाइफ'च्या कर्त्या कंपनीने तोच 2000 साली विक्रीस काढला. फेरफार करणारी मुले अशी कारागीर झाली.

आता आपल्या गावची गोष्ट सांगतो. गेली काही वर्षे मी पेडणे तालुक्यात शिकवितो. शाळा सुटल्यावर काही मुले 'लुआंटी' नावाचा खेळ खेळतात. फिनलंडच्या पेर्टू आहोला यांनी 2010 साली तो सुरू केला. 2024 पर्यंत त्याचे नाव 'मायनटेस्ट' होते. तो फुकट मिळतो, साध्या संगणकावर चालतो, आणि त्यात फेरफार करण्यास मुक्त परवानगी आहे. सारे जग ठोकळ्यांचे. माती, दगड, पाणी, झाड, सर्व ठोकळेच. नवा ठोकळा घालावयाचा तर 'लुआ' या भाषेत चार ओळी लिहाव्या लागतात. ही भाषा 1993 साली ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो येथील विद्यापीठात जन्मली. आपल्याकडे पोर्तुगीज शिकलेल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको की, 'लुआ' म्हणजे चंद्र. तिचे राखीव शब्द अवघे बावीसच्या आसपास. मराठी शाळेतील मुलाला तेवढे इंग्रजी शब्द अर्थासह आठवड्यात पाठ होतात.

एका मुलाने ठरविले की, आपल्या खेळात चिरा हवा. आपली घरे ज्या जांभ्या दगडाची, तो खेळात का नसावा? त्याने विहिरीच्या कठड्याचे चित्र काढून घेतले आणि ठोकळ्याचे नाव, चित्र व तो खणावयास किती कठीण हे लिहिले. खेळ सुरूच होईना. एका ओळीत स्वल्पविराम राहिला होता. संगणकाने फाईलीचे नाव व ओळीचा क्रमांक दाखविला होता, पण तो मजकूर वाचावयाची सवय नव्हती. तेथे मी इतकेच म्हणालो, "रागावू नकोस, तो काय म्हणतो ते वाच." त्याने वाचले, स्वल्पविराम घातला, खेळ सुरू झाला. मग चिऱ्याच्या जागी भलताच रंग दिसला. चित्राच्या नावातले एक अक्षर चुकले होते. तेही त्याने शोधले.

त्याचे वडील चिरेखाणीवर कामाला जातात. पोरगा खेळात वेळ दवडतो म्हणून ते रागावलेलेच होते. त्याने त्यांना पडद्यावरचा चिरा दाखविला. ते पाहून म्हणाले, "खाणीतून काढलेला ताजा चिरा एवढा कठीण नसतो रे. वारा लागला की मग घट्ट होतो."

खरा प्रोग्रॅम तेथून सुरू झाला. मुलाने एकाऐवजी दोन ठोकळे केले, ओला चिरा व पक्का चिरा. ओला चिरा ठेवला की घड्याळ सुरू व्हावे आणि ठराविक वेळाने त्याचा पक्का चिरा व्हावा. पण मातीत गाडलेल्या चिऱ्याला वारा कोठून लागणार? या खेळात हवा हाही एक ठोकळाच असतो. म्हणून चिऱ्याच्या सहाही बाजू एकामागून एक तपासावयाच्या. एखाद्या बाजूस हवा असेल तर चिरा पक्का करावयाचा, नसेल तर पुन्हा वाट पाहावयाची. एकच कृती सहा वेळा करणे, अट घालणे, वेळ मोजणे आणि ठोकळ्याची स्थिती लक्षात ठेवणे, हीच तर प्रोग्रॅमिंगची मूळ अंगे. पुस्तकातून हे शिकविताना मी फळ्यावर सम-विषम संख्यांची उदाहरणे देतो आणि मुले जांभया देतात. येथे वडिलांनी सांगितलेली गोष्ट खरी करावयाची होती, म्हणून मुलगा तीन संध्याकाळ उठला नाही.

गवंडी काम शिकणारा मुलगा पहिल्याच दिवशी घर बांधीत नाही. उभ्या घराची एखादी भिंत दुरुस्त करता करता त्याला घराची घडण कळते. खेळात फेरफार करणाऱ्याचे तसेच आहे. हजारो ओळींचा चालता प्रोग्रॅम त्याच्यासमोर असतो. तो एक आकडा बदलतो, परिणाम तत्काळ पाहतो आणि चुकला तर पूर्ववत करतो. मात्र एक आधी शिकवावे: मूळ फाईलीची प्रत काढून ठेवल्याशिवाय हात लावावयाचा नाही. त्या नववीच्या मुलाला मी एवढेच सांगितले असते तर शाळेचा खेळही बंद पडला नसता.

पण येथे मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खेळणारा प्रत्येक मुलगा प्रोग्रॅमर होत नाही. दुसऱ्याने केलेले मॉड उतरवून घेणे म्हणजे शिकणे नव्हे, आणि अनोळखी ठिकाणाहून उतरविलेल्या फाईलींतून संगणकास अपाय होतो. सर्वच कंपन्या फेरफारास परवानगी देत नाहीत. परवानगी नसेल तेथे हात घालू नये. इतरांबरोबर खेळताना गुपचूप नियम बदलून जिंकणे ही तर लबाडीच. पैसे लावून खेळावयाचे खेळ मी यात मुळीच धरीत नाही. 2025 सालच्या केंद्रीय कायद्याने त्यांना मनाई केली आहे. शिवाय गणित चुकविता येत नाही. मॉड करणारा मुलगा कधी ना कधी कोन व निर्देशांक यांपाशी अडतो, आणि तेव्हा त्याला पुस्तकाकडेच यावे लागते. माझा अनुभव असा की, अशा वेळी तो आपणहून येतो.

गोवा सरकारने 2021 साली सहावी ते आठवीसाठी कोडिंग व रोबॉटिक्स शिकविण्याची 'केअर्स' योजना आणली, हे चांगलेच झाले. परंतु शाळेच्या तासात जे सुरू होते ते घरी टिकले पाहिजे, आणि तेथे पालकांचे काम आहे. त्यासाठी संगणक येण्याची गरज नाही. मुलगा किंवा मुलगी खेळात रमलेली दिसली तर एकच विचारावे, "तू यात काय बदललेस? दाखव पाहू." उत्तरात केवळ गुणांचा आकडा आला, तर तो खेळ आहे. त्याला वेळेची मर्यादा घालावी. पण मूल एखादी फाईल उघडून "हा आकडा असा होता, मी असा केला" असे सांगू लागले, तर जवळ बसून ऐकावे. आपल्या व्यवसायातले, शेतातले, स्वयंपाकातले जे आपणांस ठाऊक आहे ते त्याला सांगावे.

आपल्या संस्थेने महोत्सवानंतरच्या वर्षात एखादा जुना पण चालता संगणक वाचनाच्या खोलीत ठेवावा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ मोठ्या मुलाने लहानांस शिकवावे, अशी माझी सूचना आहे. त्या संध्याकाळी मी येईन. एखाद्या मुलाने खेळ बंद पाडला, तर या खेपेस मी त्याच्या शेजारी बसेन.