सूर्य सर्वांचा, पण धोरण कोणासाठी?

जळकोट परिसरातील कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, पिकाला पाणी कधी देता? उत्तर येईल, लाईट येईल तेव्हा! मराठवाड्यात शेतपंपाच्या लाईटची पाळी वर्षानुवर्षे रात्रीची राहिली. विंचू-काट्याचे भय, पायाखाली चिखल, हातात बॅटरी. अशा अवस्थेत दारे धरणाऱ्या माणसाला दिवसा चालणाऱ्या सौरपंपाचे अप्रूप वाटावे यात नवल नाही. आज पारावर, विहाराच्या ओट्यावर, बाजारच्या दिवशी हाच विषय निघतो. पण वाचकहो, कालपर्यंत श्रीमंतांचे खेळणे असलेली ही वस्तू आपल्या बांधापर्यंत आली कशी? ती आपोआप आली, की कोणी आणली? आणि ती नेमकी कोणाच्या बांधावर आली?

आकडे काय सांगतात?

कोळसा जाळून वीज केली की धूर होतो, कार्बन वायू हवेत साठतो, पृथ्वी तापते आणि पाऊसमानाचा भरवसा राहत नाही. दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. म्हणून ऊन आणि वारा यांपासून होणारी वीज किती वेगाने वाढते, याचा जगभरचे अभ्यासक आकडे मांडून हिशेब करीत आहेत.

या वाढीची चाल ज्वारीच्या पिकासारखी असते. पेरल्यावर पुष्कळ दिवस रान उघडेच दिसते. मग पीक भराभर वाढते, पोटरीत येते, कणीस भरते आणि वाढ थांबते. नव्या यंत्राचेही तसेच. पहिला काळ सर्वांत कठीण, कारण वस्तू महाग म्हणून कोणी घेत नाही आणि कोणी घेत नाही म्हणून ती स्वस्त होत नाही.

ही कोंडी फुटते कशी? १९३६ साली अमेरिकेतील अभियंता टी. पी. राईट यांनी विमानांच्या बाबतीत दाखवून दिले की, एकूण उत्पादन दुप्पट झाले की खर्च ठराविक प्रमाणात उतरतो. शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे सहज पटेल. पहिल्या ब्लाऊजला जेवढा वेळ आणि कापड लागते, तेवढे शंभराव्याला लागत नाही. सौर पॅनेलच्या बाबतीत एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत सुमारे २० टक्क्यांनी घटते, असे दिसून आले आहे.

पण ते पहिले महागडे उत्पादन घ्यायचे कोणी? इथेच सरकारचे धोरण येते. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर वीज ठरलेल्या दराने वीस वर्षे विकत घेण्याची हमी दिली. गिऱ्हाईक पक्के झाले, कारखाने उभे राहिले. पुढे चीनने उत्पादन प्रचंड वाढविले. त्याचा लाभ साऱ्या जगाला झाला.

भारतात जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. तेव्हा सौर विजेचा सरकारी दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे धरला होता. लिलावाच्या पहिल्या फेरीत सरासरी दर सुमारे १२ रुपये निघाला, दुसऱ्या फेरीत पावणेनऊच्या आसपास. २०१७ साली राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. २०१५ मध्ये सरकारने एक लाख मेगावॅटचे उद्दिष्ट २०२२ सालासाठी ठेवले. ते पूर्ण झाले जानेवारी २०२५ मध्ये. उशीर झाला, पण पीक पोटरीत आले.

एल.ई.डी. बल्बची गोष्ट तर घरोघरची आहे. २०१४ साली सरकारी खरेदीत एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. सरकारने कोट्यवधी बल्बांची एकत्र खरेदी केली आणि २०१६ मध्ये तोच ३८ रुपयांवर आला.

उलटही घडते. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे 'घसारा' हा शब्द आमच्या परिचयाचा. पवनचक्की घेणाऱ्यास पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवून कर वाचविता येई. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एप्रिल २०१२ पासून ती सवलत काढली, उत्पादनावरील प्रोत्साहनही थांबले आणि पुढच्या वर्षी आकडा सुमारे १,७०० वर आला. २०१४ मध्ये सवलत परत मिळाली. ती पुन्हा कमी होणार म्हणून धावपळ झाली आणि २०१६-१७ मध्ये सुमारे ५,५०० मेगावॅटची भर पडली. त्यानंतरच्या वर्षी हा आकडा दोन हजारांच्याही खाली गेला. वारा तोच होता, डोंगर तेच होते, बदलला होता तो सरकारचा कागद!

बाबासाहेबांची दृष्टी

विजेचा प्रश्न धोरणाचा आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे त्यांच्याच खात्याकडे होते. १९४३ साली वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय उद्योग नाहीत आणि दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा आग्रह होता. वीज किती निर्माण झाली याबरोबरच ती कोणाच्या उपयोगी पडली, हे पाहण्याचा धडा आपण त्यांच्यापासून घ्यावयाचा आहे.

आपल्या बांधापर्यंत काय येते?

राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत इतर शेतकऱ्यांना पंपाच्या किमतीचा १० टक्के हिस्सा भरावा लागतो, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना फक्त ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ चा आणि त्यावर साडेसातचा पंप मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, हे ध्यानात ठेवून जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. सातबारावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का, ते पाहावे. भाऊबंदांची सामाईक जमीन असेल तर त्यांचे ना-हरकत पत्र घ्यावे. नोंद नाही म्हणून अर्ज मागे पडू देऊ नये.

पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचे काय?

गायरानाचा प्रश्न

शेतपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. उद्देश चांगला आहे. यात खाजगी जमीन देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षे निधी मिळतो. आणि सरकारी जमीन, म्हणजे पुष्कळ ठिकाणी गायरान, नाममात्र भाड्याने प्रकल्पास दिली जाते.

मराठवाड्यातील गायरान म्हणजे आपल्या माणसांनी दगड-गोटे वेचून पोटासाठी कसलेली जमीन. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांनी त्यासाठीच तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील दलित-भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही असंख्य कुटुंबे आजही कागदाविना आहेत. उद्या तिथे पॅनेल बसली तर मोठ्या जमीनदाराला भाडे मिळेल आणि तीन पिढ्या राबलेल्याला नोटीस. २०२१ साली अभ्यासकांनी साठ मोठ्या देशांची वाढ मोजून दाखविले की, हवामान वाचवायचे तर जवळपास सर्वच देशांना आजवरच्या चांगल्यात चांगल्या वेगाने धावावे लागेल. म्हणजे घाई वाढणारच, आणि घाईत पहिला धक्का बिनकागदाच्या माणसाला बसतो.

सौर विजेला आपला विरोध नाही. रात्रीच्या पाळीतून सुटका आपल्यालाही हवी आहे. म्हणून आमची विनंती अशी : गायरान कसणाऱ्यांनी तलाठ्याकडून गाव नमुना १-ई चा उतारा घ्यावा, दंडाच्या जुन्या पावत्या जपाव्यात, त्यांच्या झेरॉक्स काढून निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. ग्रामसभेत जागेचा ठराव आला तर त्या जमिनीवर कोण कसतो, हे इतिवृत्तात लिहून घ्यावे. पंचायतीला मिळणाऱ्या ५ लाखांतून आपल्या वस्तीत काय झाले, हे महिलांनी उठून विचारावे. धोरणाने वारा आणि ऊन यांची वीज गावोगाव आणता येते, तर त्याच धोरणात कसणाऱ्याचे नाव घालून घेणेही शक्य आहे. मात्र ते नाव कागदावर यावे, यासाठी पुढच्या ग्रामसभेला आपण हजर असलेच पाहिजे.